हळदीने मढवलेला कोश

या, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, माझा आवाज आमच्या गावच्या ममा आकाइतीसारखा डोंगराला धडकून परत येणारा नाही. एक गोष्ट सांगते. तिच्यात एक राजा आहे, बैलांची जोडी आहे, मेलेला एक माणूस आहे जो मेला नाही, आणि हळद आहे. गोष्ट ऐकताना हसलात तर माझी हरकत नाही. त्या दिवशी मात्र कुणी हसू नये म्हणून मी देवाला अक्षरशः ओलीस धरलं होतं.

लाकूड रंगवण्यात अख्ख्या रारोटोंगा बेटावर माझा हात धरणारं कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते. आणि विकतच्या डब्यातला रंग म्हणाल, तर तो कुणीही फासेल. मी चहाचा चोथा उकळून आमचं जेवणाचं टेबल असं रंगवलं की पाहुणे विचारतात, हे जुनं शिसवी कुठे मिळालं? कॉफीच्या गाळाने बाक तपकिरी केला. कपाटाला आधी चहा पाजला, मग गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी वरून फिरवलं, तर कपाट आमच्या चर्चच्या पाळकांच्या कोटासारखं काळंभोर झालं. माझा नवरा रांगी सुतार आहे. तो म्हणतो, "तेपाएरू, चुलीवर काही उकळत असलं की मला कळत नाही, हे प्यायचं की फासायचं." एकदा तो चुकलाही. पण ते राहू दे.

दर ऑक्टोबरात आमच्याकडे शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूची वार्ता आमच्या बेटांवर पोचल्याचा, सण असतो आणि त्या दिवशी गावोगावची माणसं एका मैदानात जमून नुकू करतात. बायबलातली एखादी गोष्ट घ्यायची, तिची सोंगं काढायची आणि ती गाऊन, नाचून दाखवायची. पाळकांचं प्रवचन मी मन लावून ऐकते, देव साक्षी आहे. पण बोललेलं प्रवचन कानाशी थांबतं आणि गायलेलं हाडांत उतरतं. आमच्या गावाचं नुकू ममा आकाइती बांधायची. पांढऱ्या केसांच्या बाईला आमच्याकडे सगळेच ममा म्हणतात. पण नुसतं 'ममा' म्हटलं की आमच्या गावात ती एकच. ती गायला उभी राहिली की लेकरं रडायची थांबायची आणि म्हातारे रडायला लागायचे.

आदल्या वर्षी आम्ही योनाची गोष्ट केली होती. मासा बांबूंचा आणि चादरींचा. योनाने माशाच्या तोंडातून बाहेर यायचं होतं. ऐन वेळी शेपटीकडची शिवण उसवली आणि आमचा योना, म्हणजे रांगीचा धाकटा भाऊ, भलत्याच दारातून जगात आला.

सगळं मैदान हसलं. पाहुणे हसले, आमचेच लोक हसले, मासासुद्धा आतून हसला. ममा आकाइती पुढची ओळ ओठांवर घेऊन उभी होती. ती ओळ तिने गिळली, टोपी नीट केली आणि चालत घरी गेली. त्यानंतर वर्षभर ती रविवारी चर्चमध्ये यायची, बाकावर बसायची, पण ओठ मिटलेले. तिच्याशिवाय आमचं गाणं म्हणजे नारळाच्या दुधाशिवायचा मासा. खाल्ला जातो, पण का खाल्ला असं वाटतं.

पाळकांनी तिच्या दारात चपला झिजवल्या, तेव्हा कुठे ती तयार झाली. पण म्हणाली, "ह्या खेपेला हसले, तर माझं गाणं माझ्याबरोबर मातीत जाईल. परत मागायला येऊ नका." ती बोलली म्हणजे बोलली. तिचा शब्द आणि तिने घातलेलं कुंपण आजवर कुणी ओलांडलेलं नाही.

तिने गोष्ट निवडली ती कराराच्या कोशाची. कोश म्हणजे सोन्याने मढवलेली पेटी. देवाच्या आज्ञा तिच्यात. माणसाने तिला हात लावायचा नाही. दावीद राजा ती गाडीवर घालून वाजतगाजत निघालाय, स्वतः पुढे नाचतोय, तेवढ्यात बैल अडखळतात. पेटी कलंडते. उज्जा नावाचा एक भला माणूस तिला सावरायला हात पुढे करतो. हात लागतो आणि उज्जा जागच्या जागी मरतो. मला ह्या उज्जाचं लहानपणापासून वाईट वाटत आलंय. पडणारी वस्तू कोण धरणार नाही? पण ममाने ते कडवं असं बांधलं होतं की ऐकताना आपण आपलाच हात हळूच मागे घ्यावा.

दावीद राजा रांगी झाला. बैल झाले त्याचे दोघे भाऊ, एकाच चादरीखाली. योना झालेल्या भावाला मुद्दाम मागचे पाय दिले होते. उज्जा व्हायला मात्र कुणी तयार होईना. देवाने मारलेल्या माणसाचं सोंग घेतलं की वर्षभर गळाला मासा लागत नाही, असं आमची म्हातारी माणसं सांगतात. तुताई तेवढा तयार झाला, कारण त्याच्या गळाला तसाही मासा लागत नाही.

तुताई गावातल्या भिंतींना चुना देतो. माणूस लाखाचा, पण त्याला मरता येईना. तालमीत मरायची वेळ आली की तो आधी मागे वळून जागा बघायचा, हाताने गवत झाडायचा, मग बेताने कुशीवर आडवा व्हायचा.

"तुताई," ममा म्हणायची, "तुला देवाने मारलंय. तुझं जेवण झालेलं नाही."

"ममा, कंबर दुखते. सांभाळून मरावं लागतं."

"उज्जाने कंबर सांभाळली होती का?"

"त्याचं वय काय होतं, ते बायबलात दिलेलं नाही," तुताई म्हणाला.

रांगी तोंड फिरवून खोकला. ममाने ते पाहिलं. मीही ममाकडे पाहिलं. तालमीतच लोकांना हसू आवरत नव्हतं, मग मैदानात काय होणार?

त्यात कोशाला सोनं हवं होतं. सोनेरी रंगाचा डबा दुकानात नव्हता, कारण न्यूझीलंडहून येणारी बोट उशिरा होती. सभेत मी उठले. "पेटी मला द्या," मी म्हणाले, "सोनं माझ्या परसात उगवतं."

रांगीने बोटीवरून येणाऱ्या खोक्यांच्या फळ्यांची पेटी बनवली. लाकूड असं फिकट की पिसं उपटलेली कोंबडी बरी. मी परसातली हळद खणली, किसली, स्टोव्हच्या स्पिरिटमध्ये भिजवली आणि रांगीच्या बनियनमधून गाळली.

"हे नवं होतं," रांगी म्हणाला.

"देवाच्या कामी आलं," मी म्हणाले.

एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला, पुन्हा वाळवला. तिसऱ्या हाताला पेटी उन्हात ठेवली आणि मी स्वतःच दोन पावलं मागे सरले. सोनं! सोन्याचं मंदिर बांधणाऱ्या शलमोन राजानेही दारात थांबून विचारपूस केली असती. खरं तर वरून खोबरेल चोळायला हवं होतं, म्हणजे रंगाला काही लागत नाही. पण गेल्या खेपेला खोबरेल चोळलेल्या कपाटावर मुंग्यांनी जत्रा भरवली होती, म्हणून ते राहू दिलं. तिथेच चुकलं.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही पेटी चर्चच्या आवारात नेऊन ठेवली. त्या वर्षी यजमान आमचंच गाव, त्यामुळे आवाराच्या भिंतीला प्रवाळाचा ताजा चुना द्यायचं काम जोरात चाललं होतं. तुताई ब्रश असा मारत होता की भिंतीबरोबर कोंबड्याही पांढऱ्या होत होत्या. मी दुपारी जाऊन बघते, तर सोन्याच्या पेटीवर लालभडक ठिपके!

हळदीशी ज्यांचं रोजचं येणंजाणं आहे, ते आत्ताच गालात हसले असतील. हसा. आमच्याकडे हळद परसात नुसती उगवते. चुन्याशी तिचं काय नातं आहे, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रांगी कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "कोशाला गोवर आलाय," तो म्हणाला.

"घरी चल. धुऊन काढते."

घरी नेऊन मी साबण लावला. साबण लावायचा अवकाश, ठिपके फुगले, पसरले, एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि पेटीची एक अख्खी बाजू खाटकाच्या फळीसारखी झाली.

"आता गोवर राहिला नाही," रांगी म्हणाला. "आता खून झालाय."

मी पायरीवर बसले. उद्या सकाळी नुकू. मला मैदान दिसायला लागलं, मैदानातले दात दिसायला लागले, आणि त्या दातांच्या पलीकडे टोपी नीट करून घरी निघालेली ममा दिसायला लागली. आणि ह्या वेळी ती माझ्यामुळे जाणार होती. मी डोळे मिटून म्हणाले, प्रभू, तू पाण्याचा द्राक्षारस केलास. तो रंगही लालच होता. आता तेवढं उलट करून दाखव.

उत्तर म्हणून तुताई आला. हातात वाडगा, वाडग्यात लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. उद्याच्या पंगतीसाठी बायकांनी तो झाकून ठेवला होता, आणि तुताईने तो झाकलेला पाहिला होता. "वहिनी, ठिपके माझ्या ब्रशचे का गं?" असं विचारत तो पेटीवर वाकला आणि वाडगा कलला. रस सांडला. जिथे सांडला तिथे लाल गेलं आणि पिवळं परत आलं.

"तुताई, काय सांडलंस?"

"शपथ सांगतो, मी चाखत होतो फक्त. आंबट झालाय का ते बघायला."

"आंबट!" मी त्याच्या हातातला वाडगा हिसकला. "रांगी, लिंबं आण. मिळतील तेवढी."

रांगी शेजाऱ्यांच्या झाडांखाली फिरला आणि टोपल्या भरभरून आणल्या. मी चिरत होते, पिळत होते, पुसत होते. पेटी पिवळी होत होती आणि माझा जीव भांड्यात पडत होता. पण आमच्या गावात लिंबाची टोपली कुणाच्या घरात शिरली की एकच अर्थ निघतो. पहिल्या टोपलीला लोक म्हणाले, रांगीला मासा मिळाला. दुसऱ्या टोपलीला म्हणाले, ट्यूना मिळाला. तिसऱ्या टोपलीला ट्यूना होडीएवढा झाला आणि लोक वाडगे घेऊन आमच्या अंगणात येऊन बसले. पाळक स्वतःचा चमचा घेऊन आले होते.

मी घाईघाईने पेटीवर चादर टाकली.

"तेपाएरू," पाळक प्रेमाने म्हणाले, "देव देतो तेव्हा वाटून खावं."

"मासा नाहीये, पाळकसाहेब."

"मग एवढी लिंबं?"

"घसा बसलाय."

"आणि हे चादरीखाली?" ते चादरीला हात घालणार एवढ्यात मी म्हणाले, "तो कोश आहे. त्याला हात लावायचा नसतो."

पाळकांनी हात असा मागे घेतला की चमचा पडला. इतर लोकही दोन पावलं मागे सरले. वचन पाठ असलेल्या गावाचा हा एक फायदा. पण आलेली माणसं रिकाम्या वाडग्याने परत पाठवायची रीत आमच्याकडे नाही. रांगीने डबाबंद गोमांसाचे सगळे डबे फोडले, मी तारोचे कंद उकडले, आणि होडीएवढ्या ट्यूनाच्या नावाने गाव जेवून गेलं. जाताना एक म्हातारा म्हणाला, "ट्यूनाची चव थोडी गाईसारखी लागली."

सकाळी चर्चलगतचं मैदान भरलं. मी फाटकातच बादलीभर लिंबाचं पाणी घेऊन उभी. कोशाच्या गाडीजवळ जाणाऱ्या प्रत्येकाचे हात बुडवून घेतले. बैलांचेही घेतले.

"आम्हाला खूर आहेत," मागचे पाय म्हणाले.

"खूर बुडव," मी म्हणाले.

फक्त तुताईचा पत्ता नव्हता. पहाटे कुणाचं तरी डुक्कर ओल्या भिंतीला अंग घासून गेलं होतं आणि पाहुण्यांच्या नजरेसमोर तो पट्टा नको म्हणून तुताई अजून चुना लावत होता. मी निरोपावर निरोप धाडले. तेवढ्यात ढोल वाजला आणि मला ममाशेजारी गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभं राहावं लागलं. खिशात हळदीच्या पाण्याची बाटली होती, कुठे डाग राहिला तर झाकायला, आणि मुठीत अर्धं लिंबू.

ममाने तोंड उघडलं. वर्षभर बंद असलेलं घर उघडावं आणि आत सगळं जागच्या जागी असावं, तसं झालं. दावीद राजा नाचत निघाला. कोश उन्हात असा झळकला की पलीकडच्या गावाच्या बायका कुजबुजल्या, "ह्यांना बोटीच्या आधी रंग मिळाला कसा?" मी देवाचे आभार मानले. जरा लवकरच मानले.

कारण तुताई आला. भिंतीकडून धावत, उज्जाचा झगा अंगात कसाबसा कोंबलेला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या चुन्याने पांढरे.

मला ओरडता येईना, गाणं चालू होतं. मी गाता गाता हातातलं लिंबू हलवलं. तुताईला वाटलं मी त्याला हुरूप देतेय. त्याने उलट हात हलवला. मी लिंबू पिळायची खूण केली. त्याने मान डोलावली, म्हणजे 'हो, जेवायला बसू नंतर'. तेवढ्यात बैल अडखळले, पुढचे पाय ठरल्याप्रमाणे आणि मागचे पाय खरोखरच, कोश कलंडला, आणि तुताईने ओला पांढरा पंजा सोन्यावर ठेवला.

पंजाखालून लाल फुटलं. आधी बोटांच्या कडांना, मग मध्ये, मग ओघळून खाली. सोन्यावर माणसाचा रक्ताचा हात. मैदानात एकही दात दिसेना. तुताईने हात उचलून पाहिला, तर त्याचा स्वतःचा तळवाही लाल. त्याने कोशाकडे पाहिलं, तळव्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. जागा बघितली नाही, गवत झाडलं नाही, कंबरही सांभाळली नाही. तोडलेल्या माडासारखा आडवा झाला.

खिशातली हळदीची बाटली मी कधी काढली आणि दोन्ही हातांत ती कधी दबून फुटली, मला कळलंही नाही. ममा एक श्वास थांबली. मग तिने ते उज्जाचं कडवं नेहमीपेक्षा खाली घेतलं, इतकं खाली की आवाज मातीतून आल्यासारखा वाटला. पाहुण्यांच्या गावचे पुरुष टोप्या काढून उभे राहिले आणि दुसऱ्या ओळीला त्यांनी न सांगता सूर धरला. आमचं नुकू आणि दुसऱ्या गावाचा सूर! असं ह्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. नंतर शेवटच्या कडव्यापर्यंत सगळं मैदान गात होतं.

आणि तुताई उठत नव्हता.

त्याला उचलून आडोशाला नेलं. नाटकातला उज्जा मेला तर गोष्ट आहे. तुताई मेला तर चुना कोण देणार, आणि त्याच्या बायकोला मी काय सांगणार, हळदीने मेला? हातात होतं ते लिंबू मी त्याच्या तोंडावर पिळलं. एक डोळा उघडला.

"वहिनी, मी मेलो का?"

"नाही रे बाबा."

"पण देवाने मारलं ना?"

"चुन्याने. ऊठ. फार छान मेलास."

तो उठून बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "मासा उरलाय का?" तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला. मी इतकी हसले की मला रडू आलं.

पाळक आले, पलीकडच्या गावाचे पाळक आले. "हे केलंत कसं?"

"देवाच्या मनात आलं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. हळदीचं नाव घ्यायचं तेवढं राहून गेलं.

मग गर्दीतून वाट काढत ममा आकाइती आली. पांढरा शुभ्र झगा, विणलेली टोपी. तिने मला कवेत घेतलं आणि मीही तिला घट्ट धरलं, दोन्ही हातांनी, पाठीवर. बाटली फुटल्यापासून माझे तळवे हळदीने थबथबलेले आहेत, हे मला ती निघून गेल्यावर आठवलं.

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये शिरली आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिने घरी तो झगा साबणाने धुतला होता. पाठीवर माझे दोन पंजे, लालबुंद, दहाही बोटांनिशी. मी लिंबू घेऊन धावले. "ममा, माफ कर. आत्ता काढते. दोन मिनिटांत जाईल."

तिने माझा हात बाजूला केला. "राहू दे. उज्जाने कोशाला धरलं तर उज्जा मेला. तू मला धरलंस तर मी गात राहणार." आणि हसली. आदल्या वर्षीच्या नुकूनंतर पहिल्यांदा ती स्वतः हसली, आणि तिच्या मागोमाग सगळं चर्च हसलं. मग टोपी नीट करून तिने असा सूर लावला की कौलांवरची कबुतरं उडाली.

त्यानंतर तिने आणखी कितीतरी नुकू बांधली. तो झगा ती दर सणाला घालायची. आता ती चर्चच्या आवारात निजली आहे. तिच्या थडग्याला दरवर्षी तुताई चुना देतो, आणि मला त्या दिवशी आवारात पाऊल टाकायची मनाई आहे.

तर एवढं करा. तुमच्या घरी कधी हळदीचा हात पांढऱ्या कपड्याला लागला, आणि साबण लावताच डाग लाल झाला, तर चिडू नका. लिंबू शोधायच्या आधी क्षणभर थांबा आणि आमच्या ममा आकाइतीची आठवण काढा. जमलं तर एखादी ओळ गुणगुणा. ती ऐकत असेल, आणि सूर चुकला तर टोपी नीट करेल.